केक नाही, पावाचा भाव बघा

संपादक साहेब, नमस्कार.

फ्रेंच राज्यक्रांतीचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच राणी मारी आंत्वानेतचं ते ‘ब्रेड नसेल तर केक खा’ सुरू होतं. ती तसं बोलली याला काहीच पुरावा नाही हो, आणि त्या एका वाक्यापायी खरी कारणं बाजूलाच राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

१३ जुलै १७८८ ला फ्रान्समध्ये भयंकर गारपीट झाली, उभं पीक गेलं, वर तो हिवाळा एवढा कडक की नद्या गोठल्या आणि पाणचक्क्या बंद, म्हणजे हातात धान्य असलं तरी पीठ कुठून आणणार? पॅरिसमध्ये एरवी ८-९ सूला (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळणारा चार पौंडी पाव १७८९ च्या फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेला, आणि मजुराची दिवसाची कमाई साधारण २० ते ३० सू, मग घरभाडं, सरपण कशातून करायचं त्या माणसाने?

तिकडे सरकारी तिजोरी रिकामी. अमेरिकेच्या युद्धात इंग्रजांविरुद्ध कर्ज काढून पैसा ओतलेला, निम्मं उत्पन्न व्याजातच जायचं. सरदार आणि चर्चवाल्यांना मुख्य जमीन करातून सूट आणि शेतकऱ्याने मात्र तो कर भरायचा, वर चर्चचा दशांश, मिठावरचा कर वेगळाच. म्हणून तर राजाला १६१४ नंतर पहिल्यांदा, मे १७८९ मध्ये, तिन्ही वर्गांची, म्हणजे चर्चवाले, सरदार आणि बाकी जनता यांची, सभा बोलवावी लागली.

पॅरिसमधला बॅस्टिलचा किल्ला-तुरुंग १४ जुलैला पडला तेव्हा आत फक्त ७ कैदी होते, लोक गेले होते बंदुकीच्या दारूसाठी. आणि ऑक्टोबरमध्ये व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या त्या बाजारातल्या बायका, पाव मागत. मुलांना हे सांगा ना!

– एक वाचक, सातारा