लॅबमधल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

चाचणीचा पेपर काल हातात मिळाला. मोलवरची, म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायच्या एककावरची, सगळी गणितं बरोबर आहेत. तुम्हाला सांगायला लगेच लॅबकडे आले होते, पण प्रॅक्टिकलची बॅच चालू होती, तुम्ही ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) लावत होतात आणि इतक्या जणांसमोर मला नीट बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळायला हवं.

आधी राग लिहून टाकते. मोल मला कोणी शिकवलाच नव्हता. फळ्यावर त्रिकोण काढून दिले होते: एक वस्तुमानाचा, एक वायूच्या आकारमानाचा, एक कणांच्या संख्येचा. जे काढायचं त्यावर बोट ठेवा, उरलेलं गुणा नाहीतर भागा. हे असंच का, असं विचारलं की उत्तर एकच, "परीक्षेत 'का' विचारत नाहीत." क्लासने फी घेऊन तेच त्रिकोण रंगीत छापून दिले. एक मोल वायूच्या आकारमानाचा २२.४ लीटर हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाचा आहे, हे तिथे धड कोणी उच्चारलंही नाही. पंचवीस अंशांना तोच वायू साडेचोवीस लीटरच्या आसपास जागा घेतो, पण २२.४ कुठेही ठोकून द्यायचा अशीच सवय लावली गेली. आणि शंका घेऊन गेलं की माझ्या हातातलं पेन काढून घ्यायचं, भराभर गणित सोडवायचं आणि म्हणायचं, "समजलं ना?" नाही समजलं म्हणायची सोयच नसे.

तुम्ही पेन घेतलं नाहीत, काका.

मी मागच्या ओट्यापाशी वही उघडून बसले होते. गणित साधंच होतं: ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती? तुम्ही बाटल्या पुसत होतात. जवळ आलात, वहीत पाहिलंत, ओला हात ॲप्रनला पुसलात आणि तळहात सरळ त्या ११ वर ठेवलात. म्हणालात, "आकडा जाऊ दे. आता वाच. दिलंय काय आणि मागितलंय काय?" मी वाचलं. ग्रॅम दिलेत, अणू मागितलेत. "ग्रॅमवरून थेट अणूंवर जाता येतं?" नाही. "मग मध्ये कुठे थांबायचं?" मी म्हटलं, मोलवर. तुम्ही हात तसाच ठेवलात. बराच वेळ. घाई नव्हती, "अगं सोपं आहे" नव्हतं. मोलवरून रेणू, एका रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू, एवढं सगळं माझ्या तोंडून निघाल्यावरच तुम्ही हात उचललात. मग आकडे माझे मीच घातले. एक मोल कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅमचा, म्हणून पाव मोल वायू, अर्धा मोल अणू. एका मोलात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, म्हणून उत्तर ३.०११ गुणिले १० चा २३ वा घात.

त्या हाताबद्दल मी किती विचार केलाय, सांगता येत नाही. आकडे दिसले की मला काहीतरी करून टाकायची घाई व्हायची, आणि ती घाई सगळ्यांनी मिळून शिकवलेली होती. तुम्ही ती झाकलीत. आजही गणित आलं की मी आधी आकड्यांवर हात ठेवते. पेपरातही ठेवला.

मग तुम्ही दोन बाटल्या काढून लेबलं माझ्याकडे फिरवलीत. सोडियम हायड्रॉक्साइड, ४०. ऑक्झॅलिक आम्ल, १२६, आणि त्यातलं ३६ नुसतं स्फटिकातल्या पाण्याचं. "याचे ४० ग्रॅम घे, त्याचे १२६ घे, कणांची मोजणी सारखीच भरते, एक मोल." मी विचारलं, एवढे कण मोजले कोणी? तुम्ही म्हणालात, बँकेत चिल्लरचं पोतं कोणी मोजत बसत नाही, एका नाण्याचं वजन माहीत असतं, पोतं तोललं की नाणी किती ते कळतं. तेवढ्यात रेणुवस्तुमान म्हणजे काय आणि ते बाटलीवर का छापतात, दोन्ही उलगडलं. वर्षभर त्रिकोणात बोट फिरवून जे झालं नव्हतं ते एका वाक्यात झालं.

पाण्याचंही तसंच. मोजपात्रात १८ मिलिलीटर पाणी ओतून तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. हा एक मोल. आणि हेच पाणी १०० अंशांना वाफ झालं की तीस लीटरच्या वर जातं. वायूत रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की रेणू कुठला याने फारसा फरक पडत नाही. म्हणून २२.४ चा तो आकडा वायूलाच लागू, पाण्याला किंवा मिठाला लावायचा नाही. हे मला परत कधी पाठ करावं लागणार नाही.

नंतर मी स्वतःहून वाचायला लागले. समान तापमान आणि दाब असताना समान आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या समान असते, हे ॲव्होगाड्रो या इटालियन शास्त्रज्ञाने १८११ मध्ये मांडलं. बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. तो १८५६ मध्ये वारला. पुढे कानिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते पुन्हा नीट मांडलं आणि १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याची पुस्तिका वाटली गेली, तेव्हा कुठे लोकांना पटायला लागलं. ती पुस्तिका मुळात काय होती माहीत आहे? जिनोव्हाच्या विद्यापीठात तो विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कसं शिकवायचा, त्याचा आराखडा! वाचताना मला तुमची आठवण झाली. ॲव्होगाड्रोचं म्हणणं तरलं, कारण कोणीतरी ते मुलांना समजेल असं बसून मांडलं.

तुम्हाला शिकवायचा पगार मिळत नाही. द्रावणं करणं, काच धुणं, बॅच लावणं हे तुमचं काम. रोज तराजूवर मोल तोलणारा माणूस तुम्हीच, पण तुम्हाला कोणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारायचं त्यांना वेळ नसतो. तरीही एका मुलीची वही दिसली आणि तुम्ही फडकं बाजूला ठेवलंत. अशी माणसं असतात, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं. त्यांच्या नावाची पाटी कुठे नसते. मागे बसलेला माणूस अडलाय हे त्यांना दिसतं आणि ते थांबतात, एवढंच. मला हा चांगुलपणा हुशारीपेक्षा मोठा वाटतो.

एक मागणं आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला ०.१ मोलार (लीटरला ०.१ मोल) ऑक्झॅलिक आम्ल लागणार आहे, २५० मिलिलीटर. म्हणजे ३.१५ ग्रॅम, मी काढून ठेवलंय. ते मला तोलू द्याल? बॅच सुरू व्हायच्या आधी येईन.

तुमची,
मागच्या ओट्यावरची विद्यार्थिनी