रक्तदाब तपासणीबाबत सभासदांना सूचना

गटाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, भाताची लावणी सुरू होण्यापूर्वी, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता गावच्या आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब तपासणी होणार असून तिला ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाने यावे. शेतात राबणाऱ्याला रक्तदाब होत नाही, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तोच घातक आहे, कारण हा विकार बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो व कित्येकदा अर्धांगवायूच्या झटक्यानंतरच कळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. पेजेबरोबरचे लोणचे, सुकट, खारा बांगडा हे सर्व त्यातच मोजले पाहिजे. कोकमाच्या आगळात तर मीठ मुळातच घातलेले असते, त्यामुळे सोलकढीत वरून मीठ घालण्याआधी चव पाहावी. सुकी मासळी भिजत घालून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन मगच शिजवावी.

तपासणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व मिश्री टाळावी आणि पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी, बरे वाटते म्हणून, ती परस्पर बंद करू नये, लावणीच्या धांदलीत तर मुळीच नाही. तपासणीच्या दिवशीही ती नेहमीप्रमाणे घ्यावी आणि गोळ्यांचे पाकीट व जुने कागद सोबत आणावेत.