नोंदवहीत ‘स्त्री’ रकाना आहे, एवढ्याने भागत नाही

महोदय,

संसर्गजन्य रोगांवरील कार्यक्रमांच्या अहवालांत ‘लिंगभाव-संवेदनशील’ (स्त्री-पुरुषांच्या सामाजिक स्थितीतला फरक ध्यानात घेणारा) हा शब्द हल्ली हमखास येतो. पुरावा म्हणून पुढे एकच आकडा: लाभार्थ्यांत स्त्रिया अमुक टक्के. त्यावरून काहीही ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे: विषमता वाढवणारा, लिंगभावाकडे डोळेझाक करणारा, संवेदनशील, विशिष्ट गटाची गरज भागवणारा आणि विषमतेच्या मुळालाच हात घालणारा कार्यक्रम. यात ‘संवेदनशील’ म्हणजे फरक लक्षात आला, उपाय मात्र केला नाही. ज्या शब्दाची शेखी मिरवली जाते, ती मधलीच पायरी आहे!

शिवाय ही पट्टी बहुधा आराखड्याच्या कागदाला लावतात. लावायला हवी रुग्णांच्या नोंदवहीला. क्षयरोगाचेच घ्या. 2023 मध्ये जगभरात अंदाजे 1 कोटी 8 लाख लोकांना तो झाला. त्यात पुरुष 55 टक्के, स्त्रिया 33 टक्के, उरलेली मुले. तेव्हा नोंदीत निम्म्या स्त्रिया नाहीत म्हणून कार्यक्रम फसला, असे होत नाही. तुलना करायची ती प्रादुर्भाव सर्वेक्षणाशी, म्हणजे वस्तीत जाऊन तपासून काढलेल्या रुग्णसंख्येशी. समजा, सर्वेक्षणात दर 10 स्त्रियांमागे 22 पुरुष आजारी निघाले आणि नोंदवहीत 16 च आहेत, तर निसटताहेत ते पुरुष. मग दवाखान्याची वेळ आणि बुडणारा रोज यांकडे पाहावे लागते.

पुढे संशयित, तपासणी, निदान, उपचार सुरू, उपचार पूर्ण या प्रत्येक टप्प्यावरची गळती लिंग आणि वयोगटानुसार वेगळी काढावी. गळती कुठे दडते याचा एक नमुना: चारचौघांत खाकरून बेडका काढायला अनेक स्त्रिया संकोचतात, डबीत लाळच येते आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. नोंदवहीत ‘तपासणी झाली’ हा रकाना भरलेलाच असतो. म्हणून नमुना लाळ की बेडका, हे प्रयोगशाळेने लिहायला हवे आणि लाळ असेल तर दुसरा नमुना मागायला हवा. आडोसा आणि खोल श्वास घेऊन खोकायची दोन मिनिटांची सूचना, एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

सामूहिक औषधवाटपात, म्हणजे रोगग्रस्त भागात सरसकट गोळ्या देताना, घोळ छेदात (टक्केवारी काढताना ज्या संख्येने भागतो, तिच्यात) असतो. गरोदर स्त्रिया ‘अपात्र’ म्हणून छेदातूनच वगळल्या, की व्याप्ती, म्हणजे गोळी घेतलेल्यांची टक्केवारी, आपोआप फुगते. शिस्टोसोमियासिस या कृमींमुळे होणाऱ्या रोगावरील प्राझिक्वांटेल हे औषध गरोदर (आताच्या शिफारशीनुसार पहिल्या तीन महिन्यांनंतर) आणि स्तनदा मातांना द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 2002 पासून आहे. तरी त्यांना वगळण्याची सवय सुटलेली नाही. व्याप्ती एकूण लोकसंख्येवर आणि पात्र लोकसंख्येवर अशी दोनदा काढावी, गोळी न घेण्याचे कारणही लिहावे.

एक खबरदारी: एका केंद्रात तिमाहीला सात-आठच रुग्ण असतील तर टक्केवारी काढू नये. चार तिमाही एकत्र कराव्यात, नाहीतर एका रुग्णाने चित्र पालटते.

– एक वाचक