आधी टेबल, यंत्रं मागाहून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वर्कशॉपचा नकाशा मिळाला. करवतीचं यंत्र, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांच्या जागा तुम्ही नीट आखल्या आहेत. पण तुम्ही स्वतः कुठे उभे राहणार, ते काही त्यात दिसेना. माझं म्हणणं एवढंच, की खोली तुमच्या अंगाच्या मापानं बांधूया.

म्हणून सगळ्यात आधी टेबल. त्याची उंची तयार मापाची नको. रंधा मारायला टेबल मनगटाच्या उंचीचं असलं की खांदे न उचलता अंगाचा भार पुढे लोटता येतो. बारीक खोदकामाला आणि सोल्डरिंगला मात्र ते जवळजवळ कोपरापर्यंत लागतं, नाहीतर मान धरते. त्यासाठी टेबलावर क्लॅम्पनं आवळता येईल असा एक छोटा उंच पाट करू. पाय जाडजूड ठेवू आणि खालच्या फळीवर वजन लादू. रंध्याबरोबर टेबलच सरकायला लागलं तर निम्मी ताकद वाया जाते.

दुसरा आग्रह उजेडाचा. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं. गुण्या (काटकोनाची पट्टी) धरून आखलेली रेघ दिसत नाही, तो दोष दरवेळी चष्म्याचाच असेल असं नाही. तुम्ही दाखवलेला छताच्या मधोमधचा दिवा तुमच्या पाठीमागे येईल आणि सावली नेमकी कामावर पडेल. टेबलाच्या वर, दोन बाजूंना दोन दिवे लावू. लुकलुकणारा दिवा अजिबात नको. त्या उजेडात फिरतं पातं थांबल्यासारखं भासू शकतं.

करवतीचं यंत्र भिंतीला लागून काढलंय. प्लायवूडची शीट ८ फूट लांब. कापलेला भाग पलीकडे जाणार कुठे? यंत्र चाकांवर ठेवू, लागेल तेव्हा मध्ये ओढता येईल.

विजेची लाइन घरापेक्षा वेगळी घेऊ, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. दिव्यांची लाइन यंत्रांपासूनही वेगळी. यंत्राचा लोड वाढून ब्रेकर पडला, तरी पातं थांबेपर्यंत फिरतच असतं. तेवढ्यात अंधार व्हायला नको.

आई, धुळीची तुझी काळजी अगदी रास्त आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक गोष्टींत केली. डोळ्यांना दिसणारा भुसा खाली बसतो. खरी वाईट ती बारीक धूळ, कितीतरी वेळ हवेत तरंगणारी. झाडू मारला की ती पुन्हा उडते. त्यामुळे धूळ यंत्राच्या तोंडाशीच ओढून घेणारा पाइप आणि चांगला मास्क, यात काटकसर करायची नाही. बाबांना आणखी एका गोष्टीची आठवण तूच करत जा: लाकडाला जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगळून टाकायची नाहीत. तेल वाळताना तापतं आणि ढिगातलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक मोकळं पसरून बाहेर वाळवायचं.

आता एक काम करा. बाबा, कामाच्या चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. आई, तू जमिनीपासून त्यांच्या मनगटापर्यंतचं आणि कोपरापर्यंतचं अंतर मोजून कळव. बाबांनी स्वतः वाकून मोजलं तर माप चुकेल. आकडे आले की मी टेबलाचे पाय कापायला घेते.

तुमची लेक