वरच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिकलवाल्या पोरास

चि. (नाव लिहीत नाही, तुला आवडणार नाही) यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगलीच्या विश्रामबागेतली कॉट सोडून तू पुण्याला नोकरीवर रुजू झालास, तेव्हा जिन्यात घाईघाईनं "येतो काकू" एवढंच झालं. आभार राहूनच गेले. व्हॉट्सॲपवर मानले असते तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हे चारचौघांसमोर.

"घरी बसून स्वतः कॉम्प्युटर जोडलात? कमाल आहे!" असं मला जो तो म्हणतो. जोडण्यात कसली कमाल? बहुतेक वायर चुकीच्या खाचेत जातच नाही, स्क्रू मोजकेच असतात, दुपारच्या चहापर्यंत काम उरकतं. अवघड काम तू त्याच्या आधीच करून ठेवलं होतंस. ते कुणाला दिसत नाही आणि मला तर त्याबद्दलच लिहायचंय.

माझ्याकडे एका दुकानाचं कोटेशन होतं. त्यात पडद्यावरचं चित्र तयार करणारं चांगलं महागाचं ग्राफिक्स कार्ड होतं आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा, मात्र कॅबिनेटबरोबर फुकट येणारा. तू कागद उलटा ठेवलास आणि विचारलंस, "काकू, तुम्ही दिवसभर करता काय ते सांगा." लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, थोडं फोटोशॉप, बाकी सगळं कोरल ड्रॉ. मग तू पेन घेऊन कार्डावर काट मारलीस. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स असतं, तुमच्या कामाला तेवढं रग्गड झालं, म्हणालास. वाचलेले पैसे कुठं घालायचे तेही सांगितलंस: १६ जीबी रॅम, पण ८ च्या दोन पट्ट्या, १६ ची एक नाही. पोटातलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधलीच उसनी घेतं. दोन पट्ट्या असल्या की येण्याजाण्याला दोन रस्ते मिळतात. हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

फुकटच्या एसएमपीएसवर मात्र तू चक्क चिडलास. त्याच्या लेबलावर लिहिलेले वॅट आणि तो खरोखर देऊ शकणारे वॅट यांचा फार संबंध नसतो, आणि तो गेला तर जाताना मदरबोर्डालाही घेऊन जातो, असं तुझं म्हणणं. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा घ्यायला लावलास. ६५ वॅटचा प्रोसेसर असताना एवढा कशाला, असं मला वाटलं होतं. पुढं कधी कार्ड घालावंसं वाटलं तर एसएमपीएस बदलावा लागू नये, हा तुझा हिशोब.

आणि मग अर्थिंग. जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की बोटांना बारीक झिणझिण्या यायच्या. आम्ही घरात सगळे ते धरूनच चालायचो. तू ऐकलंस आणि वर जाऊन होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन आलास. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख लागला. फेज आणि अर्थमध्ये धरलास, काहीच नाही. प्लगचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं! एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात, म्हणून अर्थिंग नसलं की पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट येऊन बसतात, हे तू मला लाइटबिलाच्या मागे चित्र काढून समजावलंस. करंट अगदी नगण्य, पण झिणझिण्या त्याच्याच. "हे होईपर्यंत एकही खोकं फोडायचं नाही," असा दम दिलास. वायरमन आला, भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, तर हिरवी वायर आत वळकटी करून नुसती सोडून दिलेली. ती जोडली, मग तुझा बल्ब तिथंही लागला.

जोडणीच्या दिवशी तुझं सबमिशन होतं. तू माझ्याच टेबलाच्या कडेला जर्नल उतरवत बसला होतास आणि मान वर न करता उत्तरं देत होतास. प्रोसेसरच्या पोटाखाली १,३३१ सोनेरी काड्या, बघूनच माझ्या हाताला घाम. कोपऱ्यावरचा त्रिकोण मदरबोर्डावरच्या त्रिकोणाला जुळवला, खिटी वर केली आणि तो अलगद आत बसला. "दाबायचं नाही, आपल्या वजनानं जातो." रॅमचं उलटं. ती प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, आणि कट् आवाज येईपर्यंत दाबायची. मला तर बोर्ड मोडतोय की काय असं वाटलं.

पंख्याच्या वेळी मात्र तुला पेन खाली ठेवावं लागलं. बरोबर आलेला पंखा बसवायचा तर बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते. ती तू मागून धरलीस. मी चारही स्क्रू नुसते टेकवले, मग थोडा हा, थोडा त्याच्या समोरचा, असे फुली मारत आवळले. खाली प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट कंपनीनंच लावलेली होती. वरून आणखी लावू का, असं मी विचारणार तोच तू "नाही" म्हणालास.

बटण दाबल्यावर पडदा बराच वेळ काळाच. मी तुझ्याकडे बघतेय आणि तू जर्नलात. "पहिल्यांदा रॅमशी ओळख करून घेतोय तो, थांबा." थांबले. आला! ३२०० च्या वेगाची रॅम २४०० वरच चालतेय हेही तूच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, दाखवलंस आणि रॅमला तिच्या पुऱ्या वेगानं चालवणारं एक्सएमपी चालू करायला लावलंस. ज्यांनी आयता कॉम्प्युटर घेतलाय त्यांनीही हे एकदा बघून घ्यावं, कित्येकांचं तसंच राहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मी तुझं न ऐकता केली. तू म्हणालास, कॅबिनेट टेबलाखाली ठेवा, वर जागा होईल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या दुकानातली मशिनं जमिनीवर होती. विश्रामबागेत पाणी येत नाही, ठाऊक आहे. तरीही कॅबिनेट टेबलावरच आहे.

तुझी यादी आणि तो बल्ब, दोन्ही आता फिरतीवर असतात. मिरजेची माझी एक मैत्रीण यादी मागायला आली, तिच्या हातात मी आधी बल्ब ठेवला.

आता एक विचारायचंय. अहवालांचा सीझन आलाय, तर रॅम ३२ करू का? टास्क मॅनेजर उघडून बघते, मोठी फाइल उघडली तरी ११ च्या वर जात नाही, म्हणजे तुझं उत्तर मला माहीतच आहे. तरी फोन कर. आणि पुण्याचा पत्ता कळव, भडंग पाठवायचंय, पिनकोडसकट लिही.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू