मुग्धाच्या गोळीविषयी

विश्रामबाग, सांगली

प्रिय सदानंद,
स. न. वि. वि.

मुग्धाला दिवस गेल्याचे वाचून फार आनंद झाला. मात्र तिची रक्तदाबाची टेल्मिसार्टनची गोळी अजून चालू आहे आणि वहिनी ‘गरोदरपणात औषधच नको’ म्हणून सगळेच बंद करायला निघाल्या आहेत, हे वाचून लगेच तुला फोन केला. घाईत बोललो ते आता नीट लिहितो.

वहिनींचे निम्मे बरोबर आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. विशेषतः चौथ्या महिन्यापासून ती बाळाच्या मूत्रपिंडांना बाधतात, त्याची लघवी कमी होते आणि गर्भाभोवतीचे पाणी आटते. पण बदली गोळी न देता दाब वाऱ्यावर सोडणे हीही चूकच. लाबेटालॉल, हळूहळू विरघळणारी निफेडिपिन आणि जुनी मिथिलडोपा या तिन्ही गोळ्या गरोदरपणात वापरात आहेत. मुग्धाला दमा आहे, म्हणून लाबेटालॉल नको. हे तिच्या डॉक्टरीणबाईंना आठवणीने सांग.

एक कबुली देतो. हळदीच्या पेठेतल्या एका तिशीतल्या बाईंना मी पाळीची तारीख न विचारताच रामिप्रिल लिहून दिली होती. सुदैवाने दिवस गेल्याचे दुसऱ्याच महिन्यात कळले आणि गोळी बदलता आली. तेव्हापासून चिठ्ठीच्या कोपऱ्यात आधी पाळीची तारीख लिहितो, मग औषध.

दाब फार उतरवला तर वारेतून बाळाला रक्त कमी पोहोचेल, या भीतीने आम्ही पूर्वी सौम्य दाबाला हातच लावत नसू. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाब १४०/९० च्या खाली ठेवल्याने प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात दाब चढून आई-बाळाला धोका करणारा आजार, कमी झाला, आणि कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण काही वाढले नाही. मग मीही सवय बदलली.

बाराव्या आठवड्यापासून रात्री कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन द्यायची का, हेही डॉक्टरीणबाईंना विचार. मुग्धासारखीला ती बहुधा देतातच. दाब १६०/११० ला पोहोचला, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात दाब पुन्हा चढतो, तेव्हा घरी आल्यावर मोजणे सोडू नका.

तुमच्याकडचे मशीन मनगटाचे आहे, त्यावर विसंबू नका. रविवारी साताऱ्याला येताना दंडाला बांधायचे घेऊन येतो.

तुझा,
अरविंद