कागदी कोनाला बाद करू नका

महोदय,

घरच्या घरी स्पीकर बनवणाऱ्या तरुणांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मुलं पुन्हा करवत आणि सोल्डरिंग गन हातात घेतायत, याचा मनापासून आनंद झाला. पण त्यातला एक सल्ला मला अजिबात पटला नाही : कोकणासारख्या दमट हवेत वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, कागदी कोनाचा (हलून आवाज काढणाऱ्या पडद्याचा) घेऊ नये, अ‍ॅल्युमिनियम नाहीतर केव्हलारचा (मजबूत कृत्रिम धाग्याच्या विणलेल्या कापडाचा) घ्यावा.

चिपळुणात माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. गणपती जवळ आले की वाडीवाडीतल्या भजनी मंडळांचे स्पीकर माझ्याकडे येतात. त्यांत निकामी काय झालेलं असतं, तर बहुतेक वेळा कोनाच्या कडेचा फोम. बोट लावलं की त्याचा चिकट भुगा हाताला लागतो. ओलाव्याने फोमचं पॉलियुरेथेन आतून तुटत जातं, त्याला इलाज नाही. कागद मात्र धड असतो. फार तर ओल्या भिंतीला टेकवून ठेवला असेल तर बुरशीचे ठिपके. कागद ओल धरतो, जड आणि मऊ होतो हे खरंच आहे. म्हणून तर त्यावर लेप देतात. लेप दिलेला कागद आणि रबरी कड, असा वूफर आमच्या पावसात बिनघोर चालतो. दोष फोमचा आणि शिक्षा कागदाला, हे बरोबर नाही.

आता अ‍ॅल्युमिनियम. तो ताठ असतो, त्यामुळे बऱ्याच वरच्या सुरापर्यंत अख्खा कोन एकसंध हलतो. पण एकदा का तो स्वतःच थरथरू लागला की लवकर थांबत नाही. साडेसहा इंची धातूच्या कोनाचा आलेख (कुठल्या सुराला किती आवाज, तो) पाहा, बहुधा ५ ते ८ किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी सुळका उभा दिसेल. मुलं क्रॉसओव्हर (वूफरकडे जाणारे वरचे सूर अडवणारं सर्किट) म्हणून एक कॉइल लावून मोकळी होतात. तेवढ्याने तो सुळका दबत नाही. त्यात सुळका ६ किलोहर्ट्झवर असला, तर २ किलोहर्ट्झच्या सुरासोबत वूफर तिप्पट कंपनाचा जो नकोसा सूर स्वतःच काढतो, ती विकृती नेमकी तिथे जाऊन फुगते. अशा डब्यावर पेटी ऐकून पाहा. स्वर लागतो, पण त्याच्या डोक्यावर एक धातूची कड येते, आणि टाळ सुरू झाले की कान मिटून घ्यावेसे वाटतात. तीव्र उताराचा क्रॉसओव्हर आणि त्या सुळक्यापुरता वेगळा फिल्टर बसवायची तयारी असेल तर धातू जरूर घ्या, फार स्वच्छ वाजतो. नुसता सबवूफर (फक्त अगदी खालच्या सुरांचा डबा) करायचा असेल तर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे कोनाला ८०-१०० हर्ट्झच्या वर जायचंच नसतं.

केव्हलारचं म्हणाल, तर बॉवर्स अँड विल्किन्स या ब्रिटिश स्पीकर कंपनीने तो १९७०च्या दशकापासून वापरला आणि २०१५ मध्ये आपल्या वरच्या मालिकेतून काढून दुसरं विणलेलं कापड घेतलं. शिवाय बाजारातला प्रत्येक पिवळा विणलेला कोन केव्हलारचा नसतो, रंगवलेली काचतंतूची जाळीही तशीच दिसते.

लेखात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं नावही नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. बीबीसीच्या इंजिनिअरांना कागदाची एक अडचण होती : कोनांची एक खेप दुसरीसारखी उतरत नसे. म्हणून १९६०च्या दशकात त्यांनी बेक्स्ट्रीन हे प्लॅस्टिक घेतलं आणि थरथर मारण्यासाठी त्यावर लेप दिला. पुढे त्यांच्यातल्याच डडली हार्वुड यांनी पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणला आणि १९७७ मध्ये हार्बेथ ही स्पीकर कंपनी काढली. त्यांनी शोधला तो ताठपणा नव्हे, थरथर आतल्या आत जिरवणारा पदार्थ. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, बुरशीला जुमानत नाही. एकच अडचण, त्याला साधा सुपरग्लू धरत नाही. कड सुटली तर आधी प्रायमर लावावा लागतो.

पहिल्यांदा डबा करणाऱ्याला मी लेपाचा कागद नाहीतर पॉलिप्रॉपिलीन, आणि रबरी कड, एवढंच सांगतो. पण त्याहून मोठी अडचण दुकानात आहे. वूफरच्या खोक्यावर वॅट, ओहम आणि इंच सोडून काही छापलेलं नसतं. वारंवारतेचा आलेख नाही, एफएस (वूफरची स्वतःची कंपनसंख्या), क्यूटीएस (त्याची थरथर किती आवरली जाते), व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी हवा किती लिटर) नाही. मग डबा किती लिटरचा करायचा आणि क्रॉसओव्हर कुठे तोडायचा, हे त्या मुलाने कशावरून ठरवायचं? तो बिचारा कोनाची चकाकी बघूनच घेणार. आपल्या देशात वूफर विकणाऱ्यांनी प्रत्येक नगासोबत आलेख आणि हे तीन आकडे द्यावेत, आणि आपणही पुढच्या लेखात एखाद्या कागदी आणि एखाद्या धातूच्या वूफरचे आलेख शेजारी-शेजारी छापावेत, ही विनंती.

आपला,
एक स्पीकर दुरुस्तीकार, चिपळूण